आडनाव कळलंय, नाव अजून कळायचंय

पत्राचा गोषवारा (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत):

पत्र लिहिणाऱ्या बाई ५७ वर्षांच्या आहेत, यजमान ६२. यजमानांनी तीस वर्षं लेथ मशीनवर काम केलं, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. सिगारेटला कधी हात लावला नाही. दीड वर्षापासून कोरडा खोकला आहे, अलीकडे जिना चढताना दम लागतो. आधी ॲलर्जीची औषधं झाली, मग दमा समजून पंप झाला, फरक पडला नाही. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून तीन वर्षांपासून एक गोळी चालू आहे. सकाळी हाताची बोटं आखडतात, "पण ते वयामुळे". तीन आठवड्यांपूर्वी छातीचा सीटी स्कॅन झाला आणि रिपोर्टमध्ये 'इंटरस्टिशियल लंग डिसीज' आणि 'फायब्रोसिस' हे शब्द आले. मुलाने शोधून वाचलं, की याला इलाज नाही आणि माणूस तीन ते पाच वर्षं काढतो. दोन्ही मुलांचं म्हणणं, बाबांना कळता कामा नये, ते खचतील. रिपोर्ट कपाटात कपड्यांखाली ठेवला आहे आणि यजमानांना 'छातीत जुना कफ आहे' असं सांगितलं आहे. बाईंचे प्रश्न असे: सांगावं की नाही? ओळखीतल्या एकांना अशाच आजारात स्टिरॉइडने गुण आला, तेच डॉक्टरांकडून सुरू करून घ्यावं का? आणि पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्या वर: "घरात सहा वर्षांपासून माझी लव्हबर्ड्सची जोडी आहे. त्यांच्यामुळे तर झालं नसेल ना?"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वरून खाली, दुसऱ्यांदा खालून वर. खालून वाचलं तेव्हा ते वेगळंच पत्र वाटलं. मुलांचं म्हणणं, रिपोर्टमधले शब्द, ओळखीच्यांचं स्टिरॉइड हे सगळं तुम्ही साडेतीन पानं सविस्तर लिहिलंय आणि पक्ष्यांची गोष्ट मात्र दीड ओळीत उरकलीय. तुमची झोप त्या दीड ओळीने उडवली असावी, असा माझा अंदाज आहे. तिकडे मी येणारच आहे. पण आधी रिपोर्टमधले ते शब्द समजून घेऊ, कारण ते समजले नाहीत तर पक्ष्यांबद्दल मी काहीही म्हटलं तरी तुम्हाला ते नुसतं समजूत काढणं वाटेल.

'इंटरस्टिशियल लंग डिसीज', ज्याला डॉक्टर बोलताना आयएलडी म्हणतात, हे एका आजाराचं नाव नाही. ते आडनाव आहे. दोनशेहून अधिक आजार या एकाच आडनावाने ओळखले जातात, आणि एका आडनावाची माणसं स्वभावाने जितकी वेगळी असतात तितकेच हे आजारही एकमेकांपासून वेगळे आहेत. काही आजार कारण दूर झालं की काही महिन्यांत ओसरतात. काही वर्षानुवर्षं आहेत तिथेच थांबून राहतात. आणि काही, हेही लपवत नाही, औषध चालू असतानाही पुढे सरकतात. तुमच्या हातात सध्या फक्त आडनाव आलंय.

मुलाने वाचलेला तीन ते पाच वर्षांचा आकडा या कुटुंबातल्या एकाच सदस्याचा आहे. त्याचं नाव 'इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस', म्हणजे आयपीएफ. त्यातल्या 'इडिओपॅथिक'चा अर्थ, शोधूनही कारण सापडलं नाही असा. हा आकडा मधला आहे, म्हणजे निम्मे रुग्ण त्याच्या आत गेले आणि निम्मे त्याच्यापुढेही जगत राहिले. शिवाय तो बराचसा अशा काळातला आहे जेव्हा या आजारावर धड औषधच नव्हतं. पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब या दोन औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली ती २०१४ साली. झालेले व्रण ती पुसत नाहीत, पण नवे व्रण पडण्याचा वेग बराच कमी करतात. तुमच्या यजमानांना आयपीएफ नाहीच, असं मी म्हणत नाही. साठीच्या पुढच्या पुरुषात तो जास्त आढळतो, त्यामुळे डॉक्टरांना त्याचा विचार करावाच लागेल. पण तो आहे असंही अजून कुणी म्हटलेलं नाही. नाव कळायच्या आधीच वर्षं मोजायला बसण्यात अर्थ नाही.

आता हा आजार नक्की कुठे बसतो ते बघा. श्वासनळी आत जाऊन फांद्या फुटतात तशी फुटत जाते आणि तिच्या टोकांना हवेच्या बारीक पिशव्या असतात, दोन्ही फुप्फुसांत मिळून तीस कोटींच्या वर. प्रत्येक पिशवीला केसाहूनही बारीक रक्तवाहिन्या लगटून असतात. पिशवीतली हवा आणि वाहिनीतलं रक्त यांच्यामधली भिंत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असते. त्या भिंतीच्या पोटात जो अगदी चिंचोळा अवकाश आहे, त्याला इंटरस्टिशियम म्हणतात. आजार तिथे होतो. आधी सूज येते, सूज राहिली तर व्रण पडतात, आणि जखमेची खूण जशी आजूबाजूच्या कातडीपेक्षा जाड आणि ताठ असते तशीच ती भिंत जाड आणि ताठ होते. या व्रणांनाच फायब्रोसिस म्हणतात.

हे एवढं कळलं की यजमानांची तक्रार आपोआप उलगडते. आपण स्वस्थ बसलेलो असताना रक्ताची एक पेशी त्या पिशवीजवळून जायला साधारण पाऊण सेकंद घेते. प्राणवायू उचलायला तिला खरं तर पाव सेकंदही पुरतो. म्हणजे निसर्गाने भरपूर सवड ठेवलीय, आणि भिंत थोडी जाड झाली तरी बसल्या जागी काही कळत नाही. पण जिना चढायला लागलो की रक्त धावायला लागतं, सवड संपते, आणि जाड भिंतीतून प्राणवायू वेळेत पोचत नाही. म्हणून हा माणूस खुर्चीत बसून गप्पा मारताना ठणठणीत दिसतो आणि एका मजल्यात त्याला धाप लागते. "नुसतं बसून राहिल्याने अंग जड झालंय" असं घरचे म्हणतात, तेही याचमुळे.

पंपाने फरक का पडला नाही, हेही यातच आलं. दम्यात नळ्या आकसतात आणि पंप नळ्या उघडतो. इथे नळ्या उघड्याच आहेत, दुखणं भिंतीत आहे. सुरुवातीला ॲलर्जी, दमा, कधी क्षय, कधी हृदयाचा त्रास असं समजून वर्ष-दीड वर्ष जाणं या आजारात फार नेहमीचं आहे. आधीच्या डॉक्टरांवर रागावू नका, स्वतःवर तर नकोच.

थोडं अवांतर. या आजाराचा एक खास आवाज असतो. रुग्णाच्या पाठीला अगदी खालच्या बाजूला स्टेथोस्कोप लावून मोठा श्वास घ्यायला सांगितला, की श्वासाच्या शेवटाकडे बारीक चरचर ऐकू येते. विद्यार्थ्यांना शिकवताना मी रक्तदाबाचा पट्टा त्यांच्या कानाजवळ धरून हळूच उचकटायचो. वेल्क्रोची ती चरचर एकदा कानात बसली की विसरत नाही. ज्यांच्या घरी कुणाला दोन महिन्यांहून जास्त कोरडा खोकला आणि चालताना दम आहे, त्यांनी डॉक्टरांना "पाठीत खाली ऐकून बघता का?" असं जरूर विचारावं. साध्या एक्स-रेमध्ये काही दिसण्याआधी कधी कधी हा आवाज येतो. काही रुग्णांच्या बोटांची टोकंही फुगीर होतात आणि नखं घड्याळाच्या काचेसारखी बाहेर येतात. सगळ्यांना होत नाही, त्यामुळे नखं नीट आहेत म्हणून निर्धास्तही होऊ नये.

तर मग पहिलं नाव कळायचं कसं?

लोकांना वाटतं यंत्र सांगेल. सीटी बरंच सांगतो, खरंय. व्रण वर आहेत की तळाला, कडेला आहेत की मधे, दुधी काचेसारखा धूसरपणा आहे की मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी, यावरून नावं गाळत जाता येतं. पण त्याच तोडीचा दुसरा पुरावा रुग्णाच्या आठवणीत असतो. काय श्वासात गेलं, काय पोटात गेलं, अंगात दुसरीकडे कुठे काय दुखतंय. तुम्ही पत्रात असे चार धागे सहज जाता जाता लिहून गेलात, आणि चारपैकी एकच धागा तुम्हाला धागा वाटला.

पहिला धागा लेथचा. टूल तापू नये म्हणून त्यावर ते दुधाळ कूलंट सोडतात ना, ते जुनं झालं की त्यात जंतू वाढतात आणि त्याचे तुषार दिवसभर श्वासात जातात. त्यातून काही कामगारांना फुप्फुसाची ॲलर्जिक सूज येते. 'हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस' असं तिचं नाव. बुरशी लागलेल्या चाऱ्याची धूळ, पक्ष्यांची पिसं आणि विष्ठा, हवा दमट करणाऱ्या यंत्रात साचलेलं पाणी, घरातल्या ओलसर भिंतीवरची बुरशी, ही सगळी याच आजाराची वेगवेगळी दारं. लेथवाल्यांचं अजून एक असतं. कार्बाइडच्या टूलला धार लावताना उडणाऱ्या धुळीत कोबाल्ट असतो, आणि त्याने होणारा फुप्फुसाचा आजार वेगळाच. यजमान टूल ग्राइंडरवर बसायचे का, तोंडाला काही बांधायचे का, कूलंट किती दिवसांनी बदललं जायचं, नोकरीत असतानाही कधी खोकला धरायचा का आणि रविवारी तो कमी असायचा का? तुम्हाला यातलं किती ठाऊक आहे?

दुसरा धागा हृदयाच्या गोळीचा. ठोके ताळ्यावर ठेवायला देतात त्या गोळ्यांपैकी ॲमिओडॅरोन ही एक गोळी काही लोकांच्या फुप्फुसांना सूज आणते, कधी सुरू केल्यावर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी. तुम्ही गोळीचं नाव लिहिलेलं नाही. ती हीच असेल असं नाही. पण पाकीट डॉक्टरांना दाखवा. आणि कृपा करून हे वाचून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ठोक्यांचा घोळ फुप्फुसापेक्षा लवकर जिवावर बेतू शकतो. लघवीच्या संसर्गावर महिनोन् महिने दिलं जाणारं नायट्रोफ्युरंटॉइन, सांधेदुखीवरचं मेथोट्रेक्सेट, कॅन्सरची काही औषधं, छातीला दिलेलं रेडिएशन, हेही याच यादीत येतात.

तिसरा, सकाळी आखडणारी बोटं. "पण ते वयामुळे" असं तुम्ही लिहिलंय. असेलही. पण संधिवातात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते त्या प्रकारात, तीच शक्ती फुप्फुसावरही उलटू शकते, आणि कधी कधी सांधे नीट दुखायच्या आधीच. बोटं सुटी व्हायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो का, थंडीत बोटं पांढरीफटक पडतात का, डोळे आणि तोंड कोरडं पडतं का, कातडी ताठ होतेय का, खुर्चीतून उठताना मांड्यांत जोर कमी वाटतो का, हे छातीचे डॉक्टर विचारतील तेव्हा गोंधळू नका. रक्ताच्या काही तपासण्या त्याचसाठी असतात.

चौथा धागा तुमच्या पक्ष्यांचा. होय, लव्हबर्ड्समुळे होऊ शकतं. हे मी गोल गोल बोलून टाळणार नाही. पण पक्षी पाळणाऱ्यांतल्या फार थोड्यांना हा आजार होतो. आणि बघा, पिंजरा तुम्ही साफ करता, ती धूळ सर्वांत जास्त तुमच्या छातीत गेली, आणि खोकला त्यांना आहे. कुणाचं शरीर कुणाच्या धुळीवर भडकेल हे आधी सांगता येत नाही. जे कुणालाच आधी माहीत नसतं, त्याचा दोष कुणाला देणार? रक्तात पक्ष्यांच्या प्रथिनांविरुद्धचे घटक मोजता येतात, पण ते वाढलेले निघाले तर त्यावरून एवढंच कळतं की संपर्क आला होता. पक्षी पाळणाऱ्या अनेक निरोगी माणसांतही ते वाढलेले असतात. तेव्हा तो रिपोर्ट आला तर त्याला निकाल समजून हातात धरून रडू नका.

चारांपैकी एक खरा असेल, दोन असतील, किंवा एकही नसेल. जंग जंग पछाडूनही कारण सापडत नाही असे रुग्ण पुष्कळ असतात. पण शोधायला तर हवं? आणि शोधायचं ते ज्यांच्या आठवणीत, त्यांनाच तुम्ही 'जुना कफ' सांगून बाजूला बसवलंय. जुन्या कफासाठी कोण आपली तीस वर्षं आठवत बसेल?

यात मीही पोळलोय, म्हणून सांगतो. निवृत्त शिक्षिका होत्या एक. मुलगे दाराबाहेर मला म्हणाले, "आईला काही बोलू नका." मी मानलं. आत जाऊन तिला सहज विचारल्यासारखे प्रश्न विचारले, तिनेही सहज उत्तरं दिली. घरात पक्षी? नाहीत. ओल? नाही. चार महिन्यांनी चालणं कमी झालं तेव्हा नाइलाजाने तिला खरं सांगितलं. ती घरी गेली आणि पुढच्या वेळी दोन पानं भरून लिहून घेऊन आली, वळणदार अक्षरात, तारखांसकट. त्यात एक ओळ होती, खोकला सुरू झाला त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मुलाने पिसांची मऊ रजई आणून दिली होती. पक्षी घरात नव्हता, पण पक्ष्याची पिसं रोज रात्री नाकाशी होती. रजई गेली, औषधं झाली, घसरण थांबली. पडलेले व्रण मात्र राहिले. ते चार महिने मी घालवले, मुलांनी नव्हे. दाराबाहेर 'हो' मीच म्हटलं होतं.

आता एक गोष्ट जरा जपून बोलतो, आणि चुकत असेन तर सोडून द्या. 'ते खचतील' हे मुलांचं म्हणणं तुम्ही इतक्या चटकन उचललंत, त्यात त्या दीड ओळीचाही थोडा हात असेल का? त्यांना आजार सांगितला की ते कारण विचारणार, आणि कारण म्हटलं की पिंजऱ्याकडे बोट जाणार, ही भीती? तसं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मग त्यांना जपायचं आणि तुमची भीती झाकायची, ही दोन कामं एकाच कपड्यांखाली ठेवली गेलीत. ती वेगळी करा. पक्ष्यांबद्दल तुम्हीच आधी बोला, त्यांनी विचारायच्या आत. माणसं रागावतात ती बहुधा लपवल्याबद्दल.

त्यांना कळलेलंच नाही हेही मला तितकंसं पटत नाही. ज्या माणसाने तीस वर्षं यंत्राच्या आवाजावरून बिघाड ओळखला, त्याला स्वतःच्या छातीतला फरक कळला नसेल? सीटी स्कॅन झाला, रिपोर्ट दिसला नाही, मुलं फोनवर हळू बोलतात. त्यांनी काहीतरी अंदाज बांधलाच असणार, आणि माणूस एकटा अंदाज बांधतो तेव्हा तो सहसा वाईटातला वाईटच बांधतो. शिवाय पुढे तपासण्या आहेत, औषधं आहेत. पिरफेनिडोन चालू झालं तर उन्हात जपावं लागतं आणि मळमळ होते, निंटेडॅनिबने जुलाब होतात. 'कफाच्या औषधाने' हे सगळं का होतंय, ते किती दिवस सांगाल?

सांगताना एकदम सगळं ओतू नका. आधी विचारा: "तुम्हाला काय वाटतंय, काय झालं असेल?" मग थांबा. जमेल तितका वेळ थांबा. मग साधंच सांगा: "फुप्फुसांवर व्रण दिसतायत. कशामुळे आलेत ते अजून कळलेलं नाही, आणि ते शोधायला डॉक्टरांना तुमचीच मदत लागणार आहे. मी तीन आठवडे सांगितलं नाही, कारण मी घाबरले होते." पुढचं किती ऐकायचं हे त्यांना ठरवू द्या. काहींना सगळे आकडे हवे असतात, काही म्हणतात, "काय करायचं तेवढं सांग, बाकी नको." दुसरं म्हणणंही त्यांचा हक्क आहे. फक्त ते त्यांनी म्हणावं, मुलांनी त्यांच्या वतीने म्हणू नये.

स्टिरॉइडचं उत्तर छोटं आहे. ओळखीच्यांना गुण आला असेल, त्यावर माझा विश्वास आहे. ॲलर्जिक सूज, संधिवाताशी जोडलेले काही प्रकार, सार्कॉइडोसिस (यात सुजेच्या बारीक गाठी होतात), अशा आजारांत स्टिरॉइड खरंच कामाला येतं. पण आयपीएफमध्ये स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध एकत्र देऊन पाहिलेली एक मोठी चाचणी होती. २०१२ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या औषधांच्या गटात मृत्यू जास्त झाले, तो गट मधेच थांबवावा लागला. त्याआधी कित्येक वर्षं आम्ही डॉक्टर चांगल्या हेतूने हेच मिश्रण देत होतो. म्हणजे एका नावाला जे तारतं ते दुसऱ्या नावाला मारू शकतं, आणि आडनाव दोघांचं एकच. तेव्हा नाव कळल्याशिवाय "तेच सुरू करा" असा आग्रह डॉक्टरांना धरू नका. प्रकृती बिघडत असेल आणि डॉक्टर स्वतः वाट न बघता सुरू करत असतील, तर ती गोष्ट वेगळी.

पुढे काय करायचं? आयएलडीचे रुग्ण नेहमी बघणारा छातीरोगतज्ज्ञ शोधा. शक्यतो असा, जो रेडिओलॉजिस्ट आणि संधिवाततज्ज्ञ यांच्याबरोबर बसून एकेका रुग्णावर चर्चा करतो, कारण या आजारात एकट्याने नाव ठेवण्यापेक्षा तिघाचौघांनी मिळून ठेवलेलं नाव जास्त बरोबर निघतं. फुंकर मारायच्या तपासण्या होतील, त्यात फुप्फुसात मावणारी हवा मोजतात आणि त्या जाड भिंतीतून वायू किती पार होतो तेही मोजतात. सहा मिनिटं चालायला लावतील आणि बोटाला ऑक्सिमीटर लावून ठेवतील. फुप्फुस धुऊन पाणी तपासणं किंवा तुकडा काढणं सगळ्यांना लागत नाही. बऱ्याचदा सीटी आणि गोष्ट मिळून काम भागतं. तुकडा काढायची गोष्ट निघालीच, तर "त्याने उपचार बदलणार आहे का?" एवढं विचारा.

आणि एक वही करा. यजमानांना लिहू द्या, तुम्ही शेजारी बसा. पहिल्या नोकरीपासूनची कामं, राहिलेली घरं, ओल, पक्षी, उशा-रजया, छंद (तोंडाने वाजवायचं वाद्य नीट धुतलं नाही तर त्यातल्या बुरशीनेही हा आजार झाल्याची उदाहरणं आहेत), आजवरच्या गोळ्या, आणि रक्ताच्या नात्यात कुणाला 'जुना दमा' म्हणून धाप लागायची का. शेवटचं विसरू नका, काही घराण्यांत हा आजार चालत येतो. सिगारेट ओढली नाही तरी हा आजार होतो, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मात्र तिच्या धुराने होणारे प्रकारही या कुटुंबात आहेत, तेव्हा घरात इतर कुणी ओढत असेल तर ते बंद.

दरम्यानचं थोडक्यात सांगतो. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दल डॉक्टरांना विचारा, कारण व्रण पडलेल्या फुप्फुसाला साधा संसर्गही महागात पडतो. त्यांना बसवून ठेवू नका. दम लागतो म्हणून चालणं सोडलं की स्नायू गळतात आणि मग त्याहून कमी चालण्यात दम लागतो. पल्मनरी रिहॅबिलिटेशन नावाचा देखरेखीखालचा व्यायाम मिळत असेल तर जरूर घ्या. छातीत जळजळ, आंबट ढेकर असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. ऑक्सिमीटर घेतलात तर आकडा बसून बघण्यात फार अर्थ नाही, चालून आल्या आल्या बघा, बोट गार नसताना. चालल्यावर तो वारंवार ८८ च्या खाली जात असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता कळवा. पुढे कधी ऑक्सिजन लागला तर 'त्याची सवय लागेल' असं कुणी म्हणेल, ते मनावर घेऊ नका. चष्म्याची जशी सवय लागते तशीच ती. आणि खोकला-दम चार-आठ दिवसांत एकदम वाढला, ताप असो वा नसो, तर घरी पंप मारत न बसता रुग्णालयात न्या. आजार पुढे सरकणारा निघाला तर फुप्फुस प्रत्यारोपणाबद्दल लवकर विचारावं, उशिरा नव्हे. खोकला आणि धाप सुसह्य करणारे डॉक्टरही असतात, त्यांच्याकडे जाणं म्हणजे हात टेकणं नव्हे.

राहिला पिंजरा. घाबरून आज रात्री पक्षी बाहेर सोडून देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेले लव्हबर्ड्स मोकळ्यावर तगत नाहीत. नाव कळेपर्यंत ते तुमच्या ओळखीत कुणाकडे तरी ठेवायला द्या, मात्र त्या घरात जुनाट खोकला असलेलं कुणी नको. पिंजरा ठेवलेली खोली धुवून पुसून काढताना यजमानांना घराबाहेर पाठवा. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा, पडदे आणि गादीही सोडू नका. पक्षी गेल्यावरही त्यांची धूळ महिनोन् महिने रेंगाळते, म्हणून "पक्षी देऊन आठवडा झाला तरी खोकला आहेच, म्हणजे पक्ष्यांचं नव्हतं" असा निष्कर्ष काढू नका. पक्षी कोणत्या तारखेला गेले ते वहीत लिहून ठेवा, डॉक्टरांना ती तारीख लागेल. पक्षी परत आणायचे की नाही हे नंतर, दोघांनी मिळून ठरवा. आणि तुम्हालाही कधी खोकला धरलाय का, ते स्वतःकडे एकदा नीट बघा. पत्रात तुम्ही तुमच्या तब्येतीबद्दल एक शब्द लिहिलेला नाही.

डॉक्टरांकडे जाताना कपड्यांखालचा तो कागद तर न्याच, पण सीटी स्कॅनची सीडीही मागून घ्या. कागदावर दुसऱ्या कुणाला काय दिसलं ते लिहिलेलं असतं, आणि नाव शोधणाऱ्याला चित्रं स्वतः बघायची असतात. ती न मिळाल्यामुळे पुन्हा स्कॅन करावा लागलेले बरेच जण मी पाहिलेत.